पत्ता आहे की धंदा? आजीचं पातेलं घेऊन पुण्याच्या पेठांत एक दिवस

आजचा भाग चालत चालत ऐकण्यासारखा आहे. वाचत असाल तरी हरकत नाही, फक्त रस्ता ओलांडताना मोबाइल खिशात ठेवा. पुण्याच्या पेठेत दुचाकीवाला कुठल्या बाजूने येईल, ते त्यालाही माहीत नसतं.

आज आपण पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये फिरणार आहोत. खरेदी करू, खाऊ, दोन-तीन सुंदर गोष्टी बघू. आणि फिरता फिरता एका प्रश्नाचं उत्तर शोधू: एका गल्लीत सगळी पुस्तकांचीच दुकानं, दुसरीत सगळी बांबूचीच, तिसरीत नुसती ठोकाठोक, असं का असतं? हे कोणी ठरवलं?

मला हा प्रश्न पडला तो एका पातेल्यामुळे.

माळ्यावरचं पातेलं

दिवाळीच्या आधी आईने माळा आवरायला काढला, तेव्हा आजीचं पितळेचं पातेलं खाली आलं. बाहेरून पोचे आलेले, आतून काळपट-हिरवं. आजी त्यात आमटी करायची. आई म्हणाली, "कल्हई लावून आण, नाहीतर मोडीत तरी दे. उगाच जागा अडवायला नको."

मी वाढले पिंपरी-चिंचवडमध्ये. 'पुण्यात जाणं' म्हणजे माझ्यासाठी एफसी रोड, आणि सणाला फार तर लक्ष्मी रोड. कल्हई कुठे होते, मला काय माहीत? फोनवर शोधलं तर नॉनस्टिक भांड्यांच्या जाहिराती आल्या. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "अगं, सरळ तांबट आळीत जा."

मी विचारलं, "आजोबा, हा पत्ता आहे की धंदा?"

"दोन्ही," ते म्हणाले.

आजच्या सगळ्या भागाचं सार या एका शब्दात आहे.

पेठ म्हणजे नक्की काय?

पिंपरीहून स्वारगेटला जाणारी मेट्रो २०२४ पासून थेट पेठांच्या पोटातून जाते. कसबा पेठ आणि मंडई ही दोन स्टेशनं जमिनीखाली आहेत. मी पातेलं पिशवीत घालून कसबा पेठेला उतरले. सुरुवात इथून करणं योग्यच, कारण कसबा ही पुण्यातली सगळ्यात जुनी वस्ती. पुण्याचं ग्रामदैवत, कसबा गणपती, इथेच आहे.

आता 'पेठ' हा शब्द बघा. आपण तो पत्त्यात लिहितो, पण मूळ अर्थ बाजार, बाजाराची वस्ती. एखादी पेठ वसवायची म्हणजे नुसती घरं बांधायची नाहीत. व्यापाऱ्यांना, कारागिरांना बोलवायचं, जागा द्यायची, सुरुवातीची काही वर्षं करात सूट द्यायची, म्हणजे ते पाय रोवून राहतील. आज आयटी पार्क उभारताना कंपन्यांना सवलती देतात ना? तसंच काहीसं.

वारांची नावंही सगळी पहिल्यापासूनची नाहीत. आजची बुधवार पेठ औरंगजेबाच्या काळात मुहियाबाद होती आणि शनिवार पेठ मुर्तजाबाद. पेशव्यांच्या काळात शहर वाढलं, १७३० ते १७३२ या काळात शनिवारवाडा बांधला गेला आणि आसपास नव्या पेठा वसत गेल्या. काही पेठांना माणसांची नावं मिळाली. सदाशिवरावभाऊंची सदाशिव, नारायणरावांची नारायण, नाना फडणविसांची नाना पेठ, सरदार रास्त्यांची रास्ता पेठ. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने पाणी शहरात आणलं आणि ठिकठिकाणी हौद बांधले. पाणी आलं की वस्ती टिकते.

पेठेच्या आत असायच्या आळ्या. एका आळीत एक धंदा. तांबट आळी, बुरूड आळी, बोहरी आळी, कुंभारवाडा. हे एकत्र का राहायचे? सगळ्यांना कच्चा माल एकाच ठिकाणी उतरवून घेता यायचा. एकाकडे हत्यार नसलं तर शेजाऱ्याकडून मिळायचं. मुलगा शेजारच्याचं बघत बघत काम शिकायचा. जात आणि धंदा तेव्हा एकमेकांना बांधलेले होते, त्यामुळे 'एकत्र राहणं' ही दर वेळी आवडीने केलेली निवड नव्हती, हेही विसरू नका. पण गिऱ्हाइकाची सोय व्हायची. दहा दुकानं शेजारी शेजारी असली की भाव विचारत हिंडता येतं. आपण ॲपवर 'कमी किंमत आधी' असं लावतो, ते काम तेव्हा आळी करायची.

देवाच्या नावात दुकानाची पाटी

पत्ता सापडत नसेल तर पेठेत देवाचं नाव विचारा. पुण्यातल्या देवांची नावं ऐकून बाहेरचा माणूस हसतो: पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, पत्र्या मारुती. पण यातली बरीचशी नावं म्हणजे चक्क बाजाराच्या पाट्या आहेत. पासोडी म्हणजे जाड पांघरूण. विठोबाच्या देवळापाशी पासोड्या विकायला बसायचे, म्हणून पासोड्या विठोबा. मारुतीजवळ जिलब्यांचं दुकान, म्हणून जिलब्या मारुती. पत्रावळी मिळायच्या तो पत्र्या मारुती, असं सांगतात.

पासोड्या गेल्या, जिलब्या गेल्या, पण नाव राहिलं. पुढच्या वेळी असं एखादं नाव कानावर पडलं की थांबा आणि विचारा, इथे पूर्वी काय विकायचे? तो भाग तुम्हाला वेगळाच दिसायला लागेल.

तांबट आळी: आधी ऐकू येते, मग दिसते

तांबट आळी शोधायला मॅप लागला नाही. ठक-ठक-ठक आवाज आला, त्याच्या मागे गेले.

तांबट म्हणजे तांब्याची भांडी घडवणारे. पाणी तापवायचे बंब, आंघोळीची घंगाळी, हंडे, कळशा. भांडं घडवून झालं की त्यावर हातोडीने शेजारी शेजारी, ओळीने ठोके मारतात. याला मठारकाम म्हणतात. तांब्यावर छोटे छोटे चकचकीत ठसे उमटतात ना, तेच. मला वाटायचं ही नुसती नक्षी आहे. तसं नाही. तांबं मऊ असतं. ठोके बसले की ते कडक होतं, भांडं सहजासहजी वाकत नाही. म्हणजे जी गोष्ट आपल्याला सुंदर वाटते, तीच भांड्याची ताकद आहे.

एका दुकानात साठीच्या पुढचे काका ऐरणीपाशी बसले होते. मी पातेलं पुढे केलं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटं केलं, बोटाने वाजवलं.

"कोणाचं?"

"आजीचं."

"चांगलं जाड आहे. मोडीत घालू नका." मग म्हणाले, "पोचे मी काढून देतो. पण कल्हई आमचं काम नाही. आम्ही घडवणारे. कल्हईवाले वेगळे."

म्हणजे एका पातेल्यासाठी दोन वेगळे धंदे! काकांनी अर्ध्या तासात पोचे काढले आणि जवळच्याच गल्लीतल्या कल्हईवाल्यांकडे मला पाठवलं. नाव सांगितलं नाही, नंबर दिला नाही. "मी पाठवलंय म्हणा," एवढंच.

कल्हई का लागते?

हा भाग नीट ऐका, कारण घरोघरी आता तांब्या-पितळेची भांडी 'हेल्दी' म्हणून परत आली आहेत.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. चिंच, टोमॅटो, ताक असं आंबट काही त्यात ठेवलं की आम्लाची धातूशी प्रक्रिया होते आणि तांबं अन्नात उतरतं. याला आपण 'कळकणं' म्हणतो. कळकलेलं अन्न खाल्लं तर मळमळ, उलट्या होऊ शकतात. म्हणून आतून कथलाचा पातळ थर देतात. तीच कल्हई.

कल्हईवाल्या चाचांनी माझ्यासमोर भट्टी फुलवली. पातेलं आधी घासून स्वच्छ केलं, मग विस्तवावर तापवलं. त्यावर नवसागराची पूड टाकली, तसा पांढरा धूर उठला. नवसागर तापलेल्या धातूवरचा मळ आणि गंज काढतो, म्हणजे कथील नीट धरतं. मग कथलाची कांडी आतून टेकवली. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, म्हणजे धातूंच्या मानाने फार लवकर. ते वितळलं, आणि चाचांनी कापसाच्या बोळ्याने गरागरा आतून फिरवलं. काळं पातेलं दोन-तीन सेकंदांत चांदीसारखं झालं! मी फोन काढेपर्यंत संपलंसुद्धा.

"अजून एक हात मारायचाय. गिऱ्हाईक आहेत आधीचे. पाचला या," चाचा म्हणाले.

हातात अख्खा दिवस होता. पिशवी हलकी झाली होती. मग मी पेठा बघायला निघाले.

चहा, मिसळ, मस्तानी

आधी चहा. पुण्याचा 'अमृततुल्य' हा काही एका दुकानाचा ब्रँड नव्हे, तो एक प्रकार आहे. राजस्थानातून आलेल्या दवे, जोशी, ओझा अशा कुटुंबांनी पेठांमध्ये ही दुकानं चालवली. दूध, पाणी, साखर, चहा, वेलची-आलं सगळं एकत्र उकळायचं, आणि तेही पितळी पातेल्यात. त्या दिवशी मी पहिल्यांदा चहावाल्याच्या पातेल्यात वाकून बघितलं. आतून पांढरं. कल्हई! सकाळपर्यंत मला ते दिसलंच नसतं.

दुपारी मिसळ. नारायण पेठेत बेडेकरांची, तुळशीबागेत श्रीकृष्णची. दोन्ही जागा लहान आहेत. अनोळखी माणसाच्या समोर बसून खायची तयारी ठेवा. खाऊन झालं की उठा. तिथे लॅपटॉप उघडून बसायची पद्धत नाही, आणि वेटरने ते सांगितलं तर तो उद्धटपणा नाही. मागे लोक उभे असतात, छोट्या जागेचं गणितच तसं असतं.

बाजीराव रोडवरचे चितळे आता दुपारीही उघडे असतात, त्यामुळे 'एक ते चार बंद'चे विनोद जरा जुने झालेत. बाकीच्या छोट्या दुकानांत मात्र दुपारची सुट्टी असते. सकाळी लवकर जा किंवा चारनंतर. आणि गोड हवं असेल तर सदाशिव पेठेत निंबाळकर तालीम चौकात सुजाताची मस्तानी, म्हणजे घट्ट दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा. एक घेतली की दोघांना पुरते. मी एकटीने संपवली, तो भाग वेगळा.

पुस्तकं, तुळशीबाग आणि मंडई

खरेदीसाठी तीन ठिकाणं सांगते.

पहिलं, अप्पा बळवंत चौक. सगळे एबीसी म्हणतात. अप्पा बळवंत मेहेंदळे यांच्या नावावरून हा चौक ओळखला जातो. आजूबाजूला नूतन मराठी विद्यालय, हुजूरपागा, रमणबाग अशा जुन्या शाळा. शाळा तिथे विद्यार्थी, विद्यार्थी तिथे पुस्तकं. स्पर्धा परीक्षांची मुलं इथेच जुनी पुस्तकं घेतात आणि परीक्षा झाली की इथेच विकतात.

दुसरं, तुळशीबाग. कानातली, बांगड्या, भातुकली, पोळपाट-लाटणी. भाव करा, पण हसत करा. आणि गर्दीच्या मधोमध एक दार आहे, त्यातून आत शिरा. एकदम शांत होतं. आत राममंदिर आहे. नारो अप्पाजी खिरे यांनी १७६१ मध्ये ते बांधायला घेतलं. ज्या देवळामुळे बाजार जमला, ते देऊळ आता बाजारामागे लपलंय.

तिसरं, मंडई. ही अष्टकोनी दगडी इमारत १८८६ मध्ये उघडली. तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावाने ती 'रे मार्केट' होती. महात्मा फुले नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी या मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने याच इमारतीला 'महात्मा फुले मंडई' हे नाव मिळालं. भाजी घेताना हे आठवलं की गंमतही वाटते आणि थोडं थांबायलाही होतं.

मंडईच्या बाजूलाच बुरूड आळी आहे. बांबूच्या टोपल्या, सुपं, परड्या. मी एक परडी घेतली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. बुधवार पेठेच्या काही गल्ल्यांमध्ये देहविक्रय करणाऱ्या बायका राहतात. त्या नावावर हसणारी मुलं आपल्या ग्रुपमध्येही असतात. तिथून जाताना फोन खिशात. फोटो नाही, व्हिडिओ नाही. तेही कोणाचं तरी घर आहे.

कला बघायची तर कुठे?

बाजीराव रोडवर विश्रामबागवाडा आहे, दुसऱ्या बाजीरावांचा, १८०७ च्या सुमाराचा. त्याचे सुरूच्या झाडासारखे कोरलेले लाकडी खांब रस्त्यावरूनच दिसतात. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. बसची वाट बघताना हजारो लोक याच्यासमोर उभे राहतात आणि मान वर करत नाहीत. तुम्ही करा.

आणि मग राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला आणि १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. इथे तलवारींपेक्षा घरातल्या वस्तू जास्त आहेत. दिवे, अडकित्ते, वाद्यं, गंजिफा, स्वयंपाकघरातली भांडी. अडकित्त्याचा मोर, दिव्याचा हत्ती. ज्यांनी घडवलं त्यांची नावं कुठेच नाहीत.

सकाळी आळीत बघितलेल्या वस्तूच दुपारी काचेमागे दिसल्या. वेगळी आठवण म्हणून कॅम्पात एक चक्कर मारा. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर तिथे इंग्रजांची लष्करी छावणी आली आणि त्या छावणीच्या गरजेतून बाजार वसला. म्हणून तिथे बेकऱ्या, शिंपी, पारशी-इराणी दुकानं, आणि लाल विटांचं ज्यू प्रार्थनास्थळ, ज्याला पुणेकर 'लाल देऊळ' म्हणतात. पेठेत आळी आणि हौद, कॅम्पात रुंद रस्ते आणि बेकरी. कोणासाठी वसवलं, त्यावर गावाचा चेहरा ठरतो.

पाच वाजता

पाचला परत गेले. पातेलं तयार होतं. आत माझा चेहरा दिसत होता, जरा वाकडा, पण दिसत होता. पैसे किती? एका मध्यम पिझ्झापेक्षा कमी.

परतताना तांबट काकांना दाखवायला थांबले. मी विचारलं, "काका, आजकाल बरेच लोक येतात ना इकडे? रील्स बघते मी."

ते म्हणाले, "येतात की. फोटो काढतात, ठोके मारून बघतात. पातेलं कोणी आणत नाही."

मला लागलं ते. कारण त्यांनी रागाने म्हटलं नव्हतं.

स्टेनलेस स्टील आलं तेव्हा घरची भांडी बदलली. गिझर आले तेव्हा बंब गेले. आळीतले जुने वाडे पाडून इमारती झाल्या, आणि तिसऱ्या मजल्यावर भट्टी पेटवता येत नाही, ऐरण ठेवता येत नाही. वरच्या लोकांना ठोक्यांचा त्रास होतो, हेही खोटं नाही. नव्या पिढीने दुसरं काम निवडलं, तर त्यांना नावं ठेवणारे आपण कोण? पण धंदा गेला की आळीचं काय उरतं? फक्त पत्ता. पासोड्या विठोबासारखा.

म्हणून तुम्हाला एकच विनंती. पेठेत जाताना एक काम घेऊन जा. तुटलेल्या बंदाची चप्पल, बंद पडलेलं घड्याळ, कल्हई गेलेलं भांडं, विकायची जुनी पुस्तकं. फोटो काढा, पण विचारून, आणि काम दिल्यावर. मग तुम्ही बघे राहत नाही, गिऱ्हाईक होता. गिऱ्हाइकाशी लोक वेगळं बोलतात. मला कल्हईचं सगळं कळलं ते पिशवीत पातेलं होतं म्हणून.

रविवारी आईने त्या पातेल्यात चिंच-गुळाची आमटी केली. आजीसारखी झाली का? आई म्हणाली, "मीठ जरा कमी पडलं." पण पातेलं परत माळ्यावर गेलं नाही. ते आता गॅसच्या शेजारी असतं.

तर मंडळी, तुमच्या गावात असा 'पत्ता आहे की धंदा' असा भाग कोणता? कोल्हापूर, नाशिक, सोलापूर, पणजी, कुठूनही ऐकत असाल, एक व्हॉइस नोट पाठवा. आणि माळ्यावर एकदा बघा, आजीचं काही सापडतंय का.

भेटू पुढच्या भागात. तोवर चालत राहा, विचारत राहा!